खाट की घर? मद्रासमधील क्षयरोग-संशोधनाचा इतिहास

क्षयरोग्याला घरी ठेवून बरे करता येते का, या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर जगाला मद्रास शहरातून, म्हणजे आजच्या चेन्नईतून मिळाले. १९५६ साली तिथे ट्यूबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटर या नावाचे संशोधन केंद्र सुरू झाले आणि १९५९ साली त्याचा पहिला मोठा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तोवर जगभरचे डॉक्टर जे गृहीत धरून चालले होते, ते १९३ गरीब रुग्णांच्या वर्षभराच्या नोंदींनी बाजूला सारले. विसाव्या शतकात भारतात झालेल्या रुग्णसंशोधनात या कामाइतका दूरवर परिणाम करणारे काम क्वचितच सापडते, आणि तरीही भारतातल्या सामान्य वाचकाला ते फारसे माहीत नाही.

क्षयावर औषध नव्हते तेव्हा सॅनेटोरियम हाच उपचार होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनी, स्वित्झर्लंड या देशांत डोंगराळ भागात अशी रुग्णालये उभी राहिली. मोकळी हवा, ऊन, सकस आहार आणि सक्तीची विश्रांती एवढ्यावर सगळी भिस्त असे. भारतात ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. राजस्थानात अजमेरजवळ तिलोनिया येथे १९०६ साली सुरू झालेले सॅनेटोरियम देशातले पहिले मानले जाते. महाराष्ट्रात पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर काढले. पुढे मिरजेजवळ वानलेसवाडीला मिशनचे सॅनेटोरियम झाले. ज्याला क्षय झाला तो माणूस घरातून उठून दूर कुठेतरी जाऊन वर्ष-दोन वर्षे राहणार, त्याची भांडीकुंडी वेगळी, त्याच्याजवळ मुलांना जाऊ द्यायचे नाही, ही गोष्ट मराठी घरांतही पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेली होती.

पण हा उपचार ज्यांना परवडेल आणि ज्यांना जागा मिळेल त्यांच्यापुरताच होता. १९४६ साली, देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने आपल्या अहवालात देशातील क्षयरुग्णांची संख्या सुमारे २५ लाख आणि दरवर्षीचे मृत्यू सुमारे ५ लाख असल्याचा अंदाज दिला. सगळ्या देशात मिळून क्षयरुग्णांसाठी खाटा होत्या सहा हजारांच्या आसपास. म्हणजे चारशे रुग्णांमागे एक खाट. या हिशेबाने सॅनेटोरियम बांधत राहून देशाला क्षयावर मात करता येणार नव्हती, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती. अडचण अशी होती की दुसरा मार्ग सुरक्षित आहे, असे म्हणायला हातात काही पुरावा नव्हता.

औषधे मात्र तोवर आली होती. अमेरिकेत सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शात्झ यांनी १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन शोधले. त्याची रुग्णांवरची नीटस परीक्षा ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने केली आणि तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. या परीक्षेची रचना संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांची. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये औषध फारच थोडे उपलब्ध होते, सगळ्यांना देता येणे शक्यच नव्हते. तेव्हा कोणाला औषध आणि विश्रांती, व कोणाला नुसती विश्रांती, हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता आधीच तयार केलेल्या बंद पाकिटांतल्या चिठ्ठीवर सोडण्यात आले. १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना औषध मिळाले, त्यांतले ४ सहा महिन्यांत दगावले. औषधाविना राहिलेल्या ५२ जणांतले १४ गेले. औषधाचा गुण त्यातून निर्विवाद दिसला. त्याच परीक्षेत हेही दिसले की एकटे स्ट्रेप्टोमायसिन दिले तर काही महिन्यांत जंतू त्याला दाद देईनासे होतात. त्यामुळे दोन औषधे एकत्र द्यायची, हा क्षयोपचाराचा पाया घातला गेला. त्यातले दुसरे औषध पारा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल, म्हणजे पास.

१९५२ साली आयसोनियाझिड आले आणि चित्र पालटले. हा पदार्थ रसायनशास्त्राला १९१२ पासून ठाऊक होता, त्यामुळे त्यावर कुणा एकाची मालकी बसू शकली नाही. ते स्वस्त होते, गोळीच्या रूपात तोंडाने घेता येत होते आणि जंतूंवर त्याचा मारा जबर होता. स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनसाठी रोज दवाखान्यात जायला नको, म्हणजे रुग्णाने खाटेवर असण्याचे एक मोठे कारण संपले. उरली ती बाकीची कारणे: विश्रांती, आहार, हवा आणि घरच्यांना लागण होऊ नये म्हणून वेगळे ठेवणे. यांतले नेमके काय आवश्यक आहे, हे कुणी तपासलेच नव्हते. श्रीमंत देशांना ते तपासण्याची घाई नव्हती, कारण त्यांच्याकडे खाटा होत्या.

मद्रासचे केंद्र हे तपासण्यासाठीच निघाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल अशा चौघांनी मिळून ते उभे केले. कौन्सिलकडून डॉ. वॉलेस फॉक्स आले आणि पहिली पाच वर्षे त्यांनीच कामाची सूत्रे सांभाळली. लंडनहून जंतुशास्त्राची बाजू पाहायला डेनिस मिचिसन होते. डॉक्टर, परिचारिका, घरोघर फिरणारे आरोग्यसेवक, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ आणि संख्याशास्त्राचे जाणकार अशी मंडळी एका छपराखाली आली. त्यांतले बहुतेक जण मद्रासचेच होते. परदेशी पैसा आणि परदेशी सल्ला असला तरी रोजचे काम, म्हणजे दारोदार जाणे, तमिळमध्ये समजावणे, गोळ्या मोजणे, हे याच माणसांनी केले, आणि निष्कर्षाचा भरवसा त्यांच्या चिकाटीवर उभा आहे.

रुग्ण निवडले गेले ते शहरातल्या गरीब वस्त्यांतले. थुंकीत जंतू सापडलेले, पूर्वी क्षयाचा उपचार न घेतलेले, आणि केंद्रापासून फार लांब न राहणारे असे १९३ जण. त्यांची घरे एक-दोन खोल्यांची, त्यांत कुटुंबातली लहानमोठी माणसे एकत्र झोपणारी. सगळ्यांना औषधे तीच, मात्रा तीच आणि मुदतही तीच: आयसोनियाझिड आणि पास, रोज, बारा महिने. फरक एवढाच की चिठ्ठीने ज्यांच्या नावे सॅनेटोरियम आले ते वर्षभर तिथे राहिले आणि ज्यांच्या नावे घर आले ते आपल्या घरी राहिले. कोणालाही औषधाशिवाय ठेवले नाही. परीक्षा औषधाची नव्हती, सॅनेटोरियमची होती. हा मुद्दा नीट लक्षात घेतला तर या संशोधनाची हिंमत कळते. शंभर वर्षे डॉक्टरांनी ज्यावर विश्वास ठेवला, त्यालाच तराजूत घातले होते.

पास हे औषध घ्यायला फार कठीण. दिवसाला दहा-दहा ग्रॅम भुकटी पोटात जायची. स्टार्चच्या पातळ वेष्टनात भरलेल्या मोठ्या पुड्या गिळायच्या. मळमळ, जुलाब, तोंडाला कायमची कडवट चव. सॅनेटोरियममध्ये नर्स समोर उभी राहून औषध देई. घरी कोण देणार? रुग्ण आठवड्यातून एकदा केंद्रावर येऊन औषध घेऊन जाई आणि मग उरलेले सहा दिवस त्याच्यावर आणि त्याच्या घरच्यांवर. मद्रासच्या मंडळींनी इथे जी काळजी घेतली ती पुढच्या सगळ्या क्षय-कार्यक्रमांना धडा ठरली. आरोग्यसेवक न सांगता घरी येई, डबा उघडून किती पुड्या उरल्या ते मोजी आणि लघवीचा नमुना घेई. पास घेतलेल्या माणसाच्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले की ती जांभळट होते. नळीतला रंग बदलला नाही, तर पुड्या डब्यातून गेल्या असल्या तरी पोटात गेलेल्या नाहीत हे उघड होई. आयसोनियाझिडसाठीही लघवीची वेगळी तपासणी केंद्राच्याच प्रयोगशाळेत बसवली गेली. रुग्णावर अविश्वास दाखवणे हा यामागचा हेतू नव्हता. औषध निकामी ठरले की औषध घेतलेच गेले नाही, हे कळल्याशिवाय निकालाला अर्थ राहत नव्हता.

थुंकीचे नमुने दर महिन्याला घेतले जात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून काम भागवले जात नसे. नमुना पोषक माध्यमावर लावून काही आठवडे जंतू वाढतात का ते पाहिले जाई, आणि वाढलेच तर ते औषधाला दाद देतात का तेही. एक्स-रेचे मोजमाप अशा डॉक्टरकडे सोपवले होते की ज्याला समोरची फिल्म घरच्या रुग्णाची आहे की सॅनेटोरियमच्या, हे सांगितलेलेच नसे. आज हे सगळे रुग्णसंशोधनाचे नेहमीचे नियम आहेत. १९५६ साली, गरीब देशातल्या एका शहरात, वस्तीतल्या माणसांवर ते इतक्या काटेकोरपणे पाळले गेले हे विशेष. रुग्णांच्या संमतीची आजच्यासारखी रीत मात्र तेव्हा कुठेच रुळलेली नव्हती. रुग्णसंशोधनाच्या नीतीविषयीचा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे नीतिविषयक धोरण १९८० चे. घर आणि सॅनेटोरियम यांच्या या तुलनेकडे पाहताना तो काळही ध्यानात ठेवला पाहिजे.

वर्ष संपले तेव्हा सॅनेटोरियममधल्या ९२ टक्के रुग्णांचा रोग जंतुपरीक्षेने शांत झालेला होता. घरच्यांपैकी ८६ टक्क्यांचा. एवढ्या रुग्णसंख्येत हा फरक मोठा म्हणता येत नाही, आणि एक्स-रेतली सुधारणाही दोन्हीकडे सारखीच होती. वजनाच्या बाबतीत मात्र फरक ठळक दिसला: सॅनेटोरियममधल्यांची वजनवाढ घरच्यांच्या जवळजवळ दुप्पट भरली. तिथे दूध, अंडी, मांस मिळत होते. घरी बहुतेकांच्या ताटात भात आणि थोडे सांबार. घरचे रुग्ण चालत-फिरत होते, कामाला लागत होते, दाटीवाटीने राहत होते. एवढे सगळे उणे असूनही त्यांचे जंतू मेले. १९६१ साली केंद्राने आहाराचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यातूनही हेच निघाले की औषधे नीट घेतली तर कमी प्रतीचा आहार जंतुनाशाच्या आड येत नाही.

सॅनेटोरियमबाबत आणखी एक गोष्ट समोर आली. तिथून मुदतीआधीच निघून जाणारे रुग्ण होते. घरात कमावणारे आपण एकटेच, किंवा मुले लहान, अशा माणसाला वर्षभर खाटेवर थांबणे अशक्य होते. उत्तम उपचार म्हणून ज्याची ख्याती होती तो, गरीबाला पूर्ण करता येईल असा नव्हताच.

डॉक्टरांची सर्वांत मोठी धास्ती वेगळीच होती. घरी ठेवलेला रुग्ण बायकामुलांना रोग देणार, हे सगळ्यांना स्वयंसिद्ध वाटत होते. म्हणून केंद्राने रुग्णांबरोबर त्यांच्या घरातल्या माणसांचीही यादी केली, त्यांच्या त्वचेवरची ट्यूबरक्युलिन चाचणी केली, ठरावीक काळाने एक्स-रे काढले, आणि हे पुढे पाच वर्षे चालू ठेवले. १९६६ साली आलेल्या अहवालाने धास्ती निराधार ठरवली. वर्षभर रुग्णाला दूर ठेवलेल्या घरांतल्या आणि रुग्ण घरातच असलेल्या घरांतल्या माणसांना क्षय होण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. कारण उलगडायला कठीण नाही. रोग ओळखला जाण्याआधीचे महिने रुग्ण घरातच खोकत असतो; ज्यांना लागण व्हायची त्यांना बहुतेक तेव्हाच झालेली असते. औषध सुरू झाले की थुंकीतले जंतू झपाट्याने कमी होतात आणि तो माणूस घरच्यांना धोकादायक राहत नाही. रुग्णाला वेगळ्या खोलीत, वेगळ्या ताटात ठेवण्याच्या रिवाजाला त्यानंतर शास्त्राचा आधार उरला नाही. रिवाज मात्र पुढेही पुष्कळ वर्षे टिकला, आणि त्याची सर्वाधिक झळ सुनांना आणि लग्नाच्या मुलींना बसली.

पाच वर्षांच्या पाठपुराव्यात रोग उलटण्याचे प्रमाणही दोन्ही गटांत सारखेच राहिले. या निकालांनंतर जगभर नवी सॅनेटोरियम बांधण्याचे समर्थन करणे अवघड झाले आणि असलेली हळूहळू रिकामी होत गेली किंवा सर्वसाधारण रुग्णालये बनली. भारत सरकारने १९५९ साली बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था काढली आणि १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू केला. जिल्ह्याच्या क्षयरोग केंद्रातून, तालुक्याच्या दवाखान्यातून, घरी राहणाऱ्या माणसाला औषध द्यायचे हे त्याचे सूत्र थेट मद्रासच्या कामातून आलेले होते.

केंद्राचे पुढचे काम याच सूत्राच्या कच्च्या दुव्यावर झाले. आयसोनियाझिड एकटे देऊन भागेल का, हे १९६० च्या अहवालात तपासलेले आहे. ते दोन औषधांच्या जोडीला पुरे पडले नाही. जास्त मात्रेने काही रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या आणि त्यावर बी जीवनसत्त्वाचा उपाय करावा लागला. खरा कच्चा दुवा होता तो रोजच्या गोळीचा. महिनाभरात खोकला थांबतो, भूक लागते, आणि बरे वाटणाऱ्या माणसाला आणखी अकरा महिने कडू पुड्या गिळायला लावणे सोपे नसते. तेव्हा मद्रासच्या मंडळींनी उलट दिशेने विचार केला. रोज घरी घ्यायच्या औषधाऐवजी आठवड्यातून दोनदा केंद्रावर येऊन, आरोग्यसेवकाच्या डोळ्यांदेखत औषध घ्यायचे. १९६४ साली आलेल्या निकालात दोनदाचे स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनियाझिड हे रोजच्या जोडीच्या तोडीस तोड ठरले, किंबहुना सरस. तीस वर्षांनी जागतिक आरोग्य संघटनेने डॉट्स या नावाने जो कार्यक्रम जगभर नेला, त्याच्या मुळाशी हा प्रयोग आहे. भारतात त्या पद्धतीचे काम १९९३ पासून काही ठिकाणी करून पाहिले गेले, १९९७ पासून पसरले आणि २००६ पर्यंत सर्व जिल्ह्यांत पोहोचले. २०१७ पासून देशाने पुन्हा रोजच्या गोळीकडे वळण घेतले; रिफॅम्पिसिनसारखी नवी औषधे एकाच गोळीत मिसळून मिळत असल्याने ते आता शक्य झाले आहे.

मद्रासचे निकाल आणि डॉट्स यांच्या मधल्या तीस वर्षांत मद्रासचा अर्धाच धडा देशाने घेतला, असे म्हणावे लागते. रुग्ण घरी राहील, औषध दवाखान्यातून मिळेल, हे स्वीकारले गेले. पण मद्रासचे ८६ टक्के यश केवळ घरी राहण्याने आलेले नव्हते. दर आठवड्याला औषध, अचानक दारात येणारा आरोग्यसेवक, पुड्यांची मोजणी, न आलेल्या रुग्णाचा त्याच दिवशी शोध, या सगळ्याचे ते फळ होते. राष्ट्रीय कार्यक्रमात इतकी माणसे आणि इतका पैसा कधी ओतला गेला नाही. १९९२ साली कार्यक्रमाचा आढावा घेतला तेव्हा उपचार पुरा करणाऱ्या रुग्णांचे प्रमाण निम्म्याहूनही कमी निघाले. दोष संशोधनाचा नव्हता. संशोधनाने जी व्यवस्था उभी करून निकाल मिळवला ती व्यवस्था सोडून निकाल तेवढा उचलण्यात आला होता.

आहाराच्या निष्कर्षाचेही तसेच झाले. औषध चालू असताना ताट गरीब असले तरी जंतू मरतात, एवढेच १९६१ चा अभ्यास सांगत होता. त्यावरून क्षयाच्या लढाईत अन्नाला महत्त्व नाही असा अर्थ काढणे चूक होते, कारण मुळात क्षय कोणाला होतो हा प्रश्न त्या अभ्यासाने विचारलाच नव्हता. तो प्रश्न सहा दशकांनी झारखंडमध्ये विचारला गेला. २०१९ ते २०२२ या काळात तिथल्या चार जिल्ह्यांत रेशन्स नावाचे संशोधन झाले. २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांहून अधिक माणसे त्यात होती. धान्य सर्वच रुग्णांना मिळाले. निम्म्या भागांत ते घरच्यांनाही दिले: दरडोई महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात, धान्य मिळालेल्या कुटुंबांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले, आणि इतरांना पसरू शकणाऱ्या क्षयाचे ४८ टक्क्यांनी. रुग्णांना पोषणासाठी थेट पैसे देणारी निक्षय पोषण योजना २०१८ साली दरमहा ५०० रुपयांनी सुरू झाली होती. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली.

मद्रासचे केंद्र आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था या नावाने चेन्नईच्या चेटपट भागात चालू आहे.